परस्परांना सूट देऊ नये

माझ्या मित्राने मला फसवले असते, तर मी त्याला क्षमा केली असती. फसवणाऱ्यांना क्षमा कशी करावी याविषयी विपुल वाङ्मय उपलब्ध आहे, आणि त्यातले बरेचसे मी तळटिपांसह वाचलेले आहे. परंतु त्याने मला फसवले नाही. त्याने नियम पाळला. नियम मी लिहिलेला होता. त्यातले स्वल्पविरामही माझे होते. आपलाच नियम आपल्यावर पाळणाऱ्या माणसाला क्षमा कशी करायची, हे मला अद्याप कुठल्याही ग्रंथात सापडलेले नाही. सापडेपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही, असे मी ठरवले आहे.

प्रकरण एका खोलीवरून सुरू झाले. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. तिच्यात एक टेबल, एक खिडकी आणि एक दार आहे. या वर्णनावर कुणी हसेल, तर त्याने आमची शिक्षकांची खोली पाहिलेली नाही. तिथे त्रेचाळीस माणसांना दोन टेबले आहेत आणि मधोमध एक झेरॉक्स यंत्र आहे, जे प्रत्येक प्रतीगणिक बाळंतिणीसारखे कण्हते. घरी हिच्या शिकवण्या चालतात. दुपारी तीनपासून सातपर्यंत अठरा मुले दिवाणखान्यात बसून अपूर्णांकांची बेरीज चुकवतात. अशा परिस्थितीत मी गेली चौदा वर्षे एक ग्रंथ लिहीत आहे. विषय आहे मैत्रीचा तात्त्विक विचार. नऊ प्रकरणे झाली. दहावे चार वर्षांपासून पहिल्या परिच्छेदात उभे आहे. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. निवृत्तीनंतर ग्रंथालयाचे ओळखपत्रही परत करावे लागते. तेव्हा ती खोली या वर्षी मिळाली तर ग्रंथ होणार होता; नाही मिळाली, तर चौदा वर्षांची नऊ प्रकरणे माझ्यामागे रद्दीत जाणार होती. हे मी कुणाला बोलून दाखवले नव्हते. एका माणसाला सोडून.

खोलीसाठी एकोणीस अर्ज आले. ज्येष्ठतेने द्यावी, तर आम्ही सहाजण एकाच दिवशी रुजू झालेलो. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा एका चिठ्ठीला घडी जास्त असल्याची हरकत आली. गुणवत्तेने द्यावी, अशी सूचना कुणीतरी केली. सर्वानुमते ती कार्यवृत्तातून वगळण्यात आली. शेवटी कर्मचारी कल्याण समितीच्या चिटणिसांनी तोडगा काढला. वार्षिक बैठ्या खेळांच्या स्पर्धेत जो जिंकेल, त्याला खोली.

"पण खेळ कोणता?" मी विचारले.

"कॅरमची राणी तीन वर्षांपासून सापडत नाही, सर. बुद्धिबळ ठेवलं तर प्राचार्यांना हरवायचं कुणी? उरला पोकर."

"पोकर हा जुगार आहे."

"पैसे लावले तर, सर. आपण नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या लावणार. आणि जुगार वाटू नये म्हणून तुम्ही एक आचारसंहिता लिहून द्या ना. नीतिशास्त्राचे तुम्हीच आहात."

स्तुतीला मी बळी पडत नाही. दोन दिवसांत मी बारा नियम लिहून दिले.

त्यातला सातवा असा: 'मित्र, आप्त अथवा एकाच विभागातील सहकारी हे एका टेबलावर आल्यास त्यांनी परस्परांना सूट देऊ नये.' खाली मी स्पष्टीकरण जोडले होते. दोन मित्र एकमेकांना सांभाळून खेळू लागले की टेबलावरचा तिसरा माणूस नकळत एकटा विरुद्ध दोघे असा खेळत असतो. मित्राला दाखवलेली दया ही त्या तिसऱ्याच्या खिशातून काढलेली असते. हे वाक्य मला आजही चांगले वाटते, आणि हीच माझी अडचण आहे. नववा नियम छोटा होता: 'कोणीही दुसऱ्याच्या लाभासाठी खेळू नये, तसे आढळल्यास खेळाडू बाद समजावा.'

पोकर मला येत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी तो मला तीन संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात शिकवला. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून, मध्ये पाच पत्ते उघडे. सगळे मिळून ज्याचा हात भारी तो जिंकला. पण हात भारी नसला तरी भारी असल्याचा आव आणून चकत्या पुढे सारायच्या आणि समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला लावायचे, हाच या खेळाचा प्राण.

"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हणालो.

"बोलायचं कुठे, साहेब? गप्प बसून खोटं वागायचं. चेहरा विम्याच्या फॉर्मसारखा ठेवा. सगळं छापलेलं आहे, पण कुणाला वाचता येत नाही."

ही ओट्यापाशी उभी होती. ती न वळता म्हणाली, "यांना नाही जमायचं. यांचं खोटं मला पाठमोऱ्यानेही कळतं."

मी त्याकडे दुर्लक्ष केले. पत्नीचे मत हा तर्कशास्त्रात पुरावा मानत नाहीत.

आता मित्राविषयी. तो संख्याशास्त्र शिकवतो. एकतीस वर्षे आम्ही एका बाकावर बसून डबा खातो. कुठल्याही प्रश्नाचे उत्तर तो 'अंदाजे' या शब्दाने सुरू करतो, म्हणून विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला 'अंदाजे' म्हणतात. लग्नाला किती वर्षे झाली, असे एकदा कुणीतरी विचारले तेव्हा त्याने बायकोसमोर "अंदाजे बावीस" असे सांगितले आणि पुढचा आठवडाभर तो आमच्याकडे जेवायला होता. माझ्या ग्रंथाची निकड ज्या एका माणसाला ठाऊक होती, तो हाच. आणि खोलीसाठी अर्ज करणाऱ्यांच्या यादीत अकरावे नाव याचे होते.

मी त्याला विचारले नाही. विचारायचे त्याने होते. स्पर्धेच्या आधी तो माझ्याकडे येईल, आणि "आपण दोघं एका टेबलावर आलो तर जरा सांभाळून घेऊ," असे काहीतरी हळू आवाजात सुचवील, अशी माझी खात्री होती. त्यावर मी द्यायचे उत्तर तयार ठेवले होते. ते दोन वाक्यांचे होते, कठोर पण सहृदय. पहिल्या वाक्यात नकार होता आणि दुसऱ्यात खांद्यावर हात ठेवायचा होता. मी आठवडाभर डब्याच्या वेळी संधी देऊन पाहिली. तो आला, लोणच्याची फोड मागितली, खाल्ली आणि गेला. ज्याला नकार द्यायचा तो मागणीच करत नसेल, तर माणसाच्या नैतिकतेला काय किंमत राहते?

रविवारी सकाळी दहाला प्रयोगशाळेच्या शेजारच्या दालनात खेळ सुरू झाला. एकोणीस जणांची तीन टेबले. दुपारपर्यंत तेरा जण गळाले आणि उरलेल्या सहांचे एक टेबल झाले. जागा चिठ्ठ्यांनी ठरल्या. मला खिडकीकडची मिळाली. नेमका माझ्यासमोर अंदाजे.

चिटणिसांनी नियम वाचून दाखवले. सातव्या नियमापाशी त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिले, आणि त्यांच्यामागून टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिले. रसायनशास्त्राच्या बाई तर मोकळेपणाने हसल्या.

"सर, तुमचे मित्र ना हे?"

"टेबलाबाहेर," मी म्हणालो. हे वाक्य मी बरे म्हटले असे मला वाटले.

"मग ठीक. नाहीतर आम्ही चौघांनी उगाच कशाला बसायचं?"

पहिल्याच डावात मला राजाची जोडी आली. मी नम्रपणे थोड्या चकत्या पुढे केल्या. अंदाजेने तिप्पट केल्या. मी त्याच्याकडे पाहिले. एकतीस वर्षांच्या ओळखीत या नजरेचा अर्थ 'अरे, मी आहे' असा होतो. त्याने नजर उचलून माझ्याकडे पाहिले, आणि ती एखाद्या सरासरीकडे पाहावे तशी परत खाली नेली. मी पत्ते टाकले. त्याच्याकडे काय होते, हे त्याने कुणी न विचारता उलटून दाखवले. छक्की आणि तिर्री.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "नियम सातवा जोरात आहे."

मी रुमालाने चष्मा पुसला. वास्तविक मी आनंदित व्हायला हवे होते. माझ्या संहितेचे झाले तसे तंतोतंत पालन प्राचार्यांनी माझ्या एकाही परिपत्रकाचे केलेले नव्हते. परंतु मला जे वाटले त्याचे नाव आनंद नव्हते. मी हे आज, थंड डोक्याने लिहितो: नियम लिहिताना माझ्या मनात एक अपवाद होता, तो मी लिहिला नव्हता, आणि तो माझ्या मित्राने न सांगता ओळखावा अशी माझी अपेक्षा होती. नीतिशास्त्रात या अवस्थेला एक ग्रीक नाव आहे. मराठीत याला लबाडी म्हणतात.

चार वाजेपर्यंत तिघे उरलो. बाई, अंदाजे आणि मी. माझ्या चकत्या वितळत चालल्या होत्या. आणखी दोनतीन डाव असेच गेले असते तर मी आपोआप संपलो असतो. तेव्हा तो डाव आला. मध्ये बदाम राजा, बदाम चौकी, किलवर नव्वी, बदाम अठ्ठी आणि इस्पिक गुलाम. माझ्या हातात चौकट दुर्री आणि इस्पिक सत्ती. म्हणजे काहीही नाही. परंतु मध्ये तीन बदाम होते. माझ्या हातात दोन बदाम असते, तर पाच बदामांपुढे या टेबलावर कुणाचे काही चालले नसते. आणि माझ्या हातात दोन बदाम नाहीत, हे फक्त मला ठाऊक होते.

मी चेहरा विम्याच्या फॉर्मसारखा केला आणि उरलेल्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या. हा माझ्या आयुष्यातला पहिला धाडसी क्षण होता. विवाह वडिलांनी ठरवला होता.

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि पत्ते टाकले. "बदाम आहेत सरांकडे. सर उगाच नाही एवढं पुढे सारायचे."

आता अंदाजे. तो पत्त्यांकडे पाहत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडेही पाहत नव्हता. तो माझ्या चकत्यांकडे पाहत होता.

"दाखव," तो म्हणाला, आणि आपल्या चकत्या पुढे केल्या.

मी दुर्री आणि सत्ती उलटी केली. त्याच्याकडे एक्का आणि नव्वी होती. सगळी मिळून नव्वीची एक फाटकी जोडी. त्या जोडीवर कुणीही शहाणा माणूस पाच बदामांच्या समोर उभा राहिला नसता. मी बाद झालो. खिडकी, टेबल आणि दार गेले. दहावे प्रकरण गेले.

मी तिथेच उठायला हवे होते. पण मानभंग झालेल्या माणसाला नेमका तपशील हवा असतो. "कसं ओळखलंस?" मी विचारले.

"राहू दे ना."

"नाही. सांग."

"तू चकत्या पुढे केल्यास आणि मग त्यांच्या कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्यास. खरं असतं तेव्हा तू तसं करत नाहीस." त्याने गड्डी बाईंकडे सरकवली. "माझं पुस्तक वाचून परत दिलंस ना, तेव्हा 'उत्तम आहे' म्हणताना हस्तलिखिताच्या कडा अशाच जुळवत बसला होतास. अंदाजे दहा मिनिटं."

हे एकोणीस वर्षांपूर्वीचे. त्याने एकच पुस्तक लिहिले होते, संभाव्यतेवर, सामान्य वाचकांसाठी. ते वाईट होते. मी उत्तम म्हणालो. त्याने ते कधीच छापायला दिले नाही, आणि का दिले नाही हे मी कधी विचारले नव्हते.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तू माझं मन राखत होतास. मग मी तुझं राखलं." मग तो बाईंकडे वळला. "वाटा, बाई."

दालनात कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. पाऊण तासाने त्याने बाईंनाही हरवले, तेव्हा मी पायऱ्यांवर बसून तक्रारीचा मसुदा करत होतो.

तक्रार अकरा पानांची झाली. मुद्दा सोपा होता. सातव्या नियमाने मित्राला सूट द्यायला मनाई केली आहे. परंतु मैत्रीत मिळालेले ज्ञान मित्राविरुद्ध वापरायला परवानगी दिलेली नाही. मित्राच्या सवयी, दुखरी ठिकाणे, खोटे बोलण्याची लकब या गोष्टी माणूस आपल्याकडे विश्वासाने ठेवतो. त्यांचा टेबलावर हत्यार म्हणून उपयोग करणे म्हणजे पाहुणा म्हणून घरात येऊन कुलुपाचा साचा काढून नेणे. सबब निकाल रद्द व्हावा. मी दाखले दिले. त्यांतले दोन प्राचीन होते.

तीन दिवसांनी तक्रार माझ्याच टेबलावर आली. आवक क्रमांकासह, 'नीतितज्ज्ञांकडे निर्णयार्थ' असा शेरा मारलेली.

मी चिटणिसांकडे गेलो. "अहो, तक्रारदार मी आहे."

"हो सर. वाचलं. शेवटपर्यंत नाही, पण छान आहे."

"मग निर्णय मी कसा देणार?"

"नीतिशास्त्राचे तुम्ही एकटेच, सर. दुसरं पद नऊ वर्षं रिक्त आहे. आणि तुमच्या संहितेत बारावा नियम आहेच, वादात निर्णय नीतितज्ज्ञांचा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमचा स्वतःवर विश्वास नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर कार्यालयीन वेळेत देता येण्यासारखे नव्हते.

त्याच संध्याकाळी अंदाजे घरी आला. शिकवणी नुकतीच सुटली होती. त्याने नेहमीसारखी चप्पल दाराशी काढली, आत आला आणि एक किल्ली टेबलावर ठेवली.

"घे. खोलीची आहे."

"ती तुझी आहे."

"मला काय करायचीय खोली? मी काय लिहिणार? पुस्तक लिहून झालंय माझं." तो खुर्चीवर बसला. "दोघं खेळलो तर तुला खोली मिळायची शक्यता दुप्पट होते. अंदाजे. म्हणून अर्ज केला."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मग मला बाद कशाला केलंस?" माझा आवाज चढला.

"सोडलं असतं तर सातवा मोडला असता. तुला राग आला असता."

"मला आताही राग आलाय!"

"हो, पण नियमात बसून आलाय."

"आणि नववा? 'कोणीही दुसऱ्याच्या लाभासाठी खेळू नये.' तो तू अर्ज केलास तेव्हाच मोडलास. बाद आहेस तू! खोली बाईंची होते!"

त्याने डोके खाजवले. "नववा वाचला नाही रे. सातव्यापर्यंत आलो, मग ते स्पष्टीकरण लागलं... झोप लागली मला."

त्याने हे सांगताना नजर चुकवली नाही. माझ्या लेखनाबद्दल एकतीस वर्षांत त्याने व्यक्त केलेले हे पहिले खरे मत होते.

"आता तूच न्यायाधीश आहेस म्हणे," तो उठत म्हणाला. "ठरव काय ते. वहिनी, येतो." किल्ली त्याने तशीच ठेवली.

दार लागल्यावर ही म्हणाली, "अहो, एक माणूस तुमच्यासाठी दिवसभर पत्ते कुटत बसला, खोली जिंकून घरी आणून दिली, आणि तुम्ही कलमं मोजताय?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा नाही. त्याला तुमचं खोटं कळतं, याचा आहे." ती फळा पुसायला निघून गेली.

मी निर्णय लिहायला बसलो. समोर किल्ली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शिकवले की नियमाची परीक्षा तो आपल्या माणसाला लावताना होते. माझ्यापुढे आरोपीचा कबुलीजबाब होता, साक्षीदार होती, आणि पुरावा टेबलावर पडलेला होता. नववा नियम निःसंदिग्ध होता, कारण तो मी लिहिला होता. 'खेळाडू बाद समजावा' एवढे तीन शब्द लिहायचे होते. बाईंना खोली मिळाली असती. ती त्यांच्या हक्काची होती. दया दाखवली तर ती त्यांच्या खिशातून जाणार होती, हे माझे वाक्य मला पाठ होते.

मी लिहिले: 'तक्रार फेटाळण्यात येत आहे. स्पर्धेत कोणत्याही नियमाचा भंग झाल्याचा पुरावा आढळला नाही.' सही केली. एकतीस वर्षे नीतिशास्त्र शिकवणाऱ्याचे हे पहिले लेखी असत्य आहे. ते मी कुणासाठी लिहिले, हे तो माणूस सोडून आता वाचकांना ठाऊक आहे. त्याला वाटते, मी तक्रार सोडून दिली.

किल्ली मी दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून, जावक क्रमांकासह त्याच्याकडे परत पाठवली. ती घेतली असती तर नववा नियम उघड मोडला, हे साऱ्या महाविद्यालयाला दिसले असते. असे कारण मी हिला दिले. तिने माझ्याकडे पाठ केली होती, तरी मला तिचा चेहरा दिसला.

रसायनशास्त्राच्या बाई मला जिन्यात भेटल्या, की आदराने बाजूला होतात. "सर, स्वतःविरुद्ध निकाल दिलात. असं आजकाल कोण करतं?" मी मान लववतो. एकदा त्यांनी विचारले, त्यांना सध्या नोंदी लिहायला कुठेच जागा नाही, मी कुठे बसतो? मी म्हणालो, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, जुन्या सूचिपत्रांच्या कपाटाला टेकून. तिथे येणारेजाणारे वाट विचारतात, आणि दहावे प्रकरण अजून पहिल्या परिच्छेदात आहे. सहा महिने उरले आहेत.

त्या जागेकडे जायला अभ्यासिकेवरूनच जावे लागते. अंदाजे रोज साडेदहाला येऊन बसतो. लिहीत काही नाही, उत्तरपत्रिका तपासतो. त्याने टेबलाच्या अलीकडे दुसरी एक खुर्ची आणून ठेवली आहे, आणि दार सताड उघडे ठेवतो. आतल्या खिडकीतून उजेड थेट मार्गिकेत पडतो. मी त्या उजेडातून, हातात नऊ प्रकरणे घेऊन चालत जातो. तो मान वर करत नाही. मी थांबत नाही. फक्त जाता जाता मूठ धरून ते दार ओढून घेतो, नीट, आवाज न करता.

दहा पावले गेलो की मागे ते पुन्हा उघडल्याचे ऐकू येते. मी वळून पाहत नाही. पाणी प्यायला उठलो की पुन्हा बंद करता येते.